सर्वोत्तमांची यादी आणि न पाहिलेले चित्रपट

दशक सरले की त्यातील सर्वोत्तम चित्रपट निवडण्याचा परिपाठ आता जगभर रूढ झाला आहे. ब्रिटनमधील 'साइट अँड साउंड' हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेत आले आहे. १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच कौलांत 'सिटिझन केन' अग्रस्थानी होता. २०१२ मध्ये ते स्थान 'व्हर्टिगो'कडे गेले आणि २०२२ मध्ये शांताल आकरमन या दिग्दर्शिकेच्या १९७५ सालच्या 'जान दिएलमन'ने सर्वांना मागे टाकले. चित्रपट तेच राहिले. मत देणारे आणि त्यांच्या कसोट्या तेवढ्या बदलल्या. समीक्षकांचा निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

याच २०२२ मध्ये 'फिप्रेसी' या समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेने आजवरचे दहा सर्वोत्तम भारतीय चित्रपट निवडले. 'पथेर पांचाली' पहिला आला; त्या दहांत मराठी चित्रपट एकही नव्हता. मराठी रसिकाला याचे वैषम्य वाटावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यापूर्वीच्या २०११ ते २०२० या दशकात मराठी चित्रपटाने जे मिळविले, ते दुर्लक्षिण्याजोगे खचित नाही. 'श्यामची आई'ला १९५३ साठीचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले, त्यानंतर 'श्वास'ला सुवर्णकमळ मिळेपर्यंत अर्धशतक लोटले. या दशकात मात्र 'देऊळ' (२०११, 'ब्यारी' या चित्रपटासह विभागून), 'कोर्ट' (२०१४) आणि 'कासव' (२०१६) असे तीनदा ते मराठीकडे आले.

या दशकातील सर्वोत्तम चित्रपट कोणता, हा वाद निघाला की बहुधा दोन तट पडतात. समीक्षक चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'कडे बोट दाखवितात. व्हेनिसच्या महोत्सवात त्याने दोन पुरस्कार पटकाविले आणि २०१५ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तोच गेला. सामान्य प्रेक्षक नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चे नाव घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात या चित्रपटाने खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांना चित्रपटगृहांकडे खेचून आणले आणि मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे तोवरचे सारे विक्रम मोडले. एका तटाला दुसरा उथळ वाटतो, दुसऱ्याला पहिला शिष्ट.

वस्तुतः हे द्वंद्व लटके आहे. सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली गजाआड गेलेला 'कोर्ट'मधील वृद्ध शाहीर आणि जातीची वेस ओलांडणारे 'सैराट'मधील प्रेमी यांना चिरडणारी समाजव्यवस्था एकच आहे. एकाने ती संथ, निर्विकार नजरेने दाखविली, दुसऱ्याने गाण्यांच्या लाटेवरून तिच्या तळाशी नेले. शिवाय 'सैराट'ही बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला होताच. त्याही मागे जायचे तर 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'चा दाखला आहे. १९३६ मध्ये मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसमध्ये जगातील निवडक चित्रपटांत गणला गेला. लोकप्रियता आणि गुणवत्ता यांचे हाडवैर असते, हा समज मराठी चित्रपटाच्याच इतिहासाने खोटा ठरविला आहे.

तेव्हा खरा प्रश्न निराळा आहे. समीक्षकांची यादी वाचणाऱ्याला त्यातील चित्रपट पाहता येतात काय? 'कासव'ला सुवर्णकमळ जाहीर झाले एप्रिल २०१७ मध्ये. तो चित्रपटगृहांत लागला त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या सहा महिन्यांत त्याच्याविषयी वाचणारे पुष्कळ होते, पाहिलेले थोडे. २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ देण्याचे बंधन घातले खरे; परंतु विरोध होताच त्या 'मोक्याच्या वेळे'ची व्याख्या दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणली गेली. बेलापूरच्या कोकण भवनातील कारकुनाला किंवा ऐरोलीच्या शाळेतील शिक्षकाला दुपारी बाराचा खेळ काय कामाचा?

नवी मुंबईपुरता हा प्रश्न अधिक बोचरा आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आखून वसविले. घरे, स्थानके, बाजार यांना नकाशात जागा मिळाली. गिरगाव-दादरसारखी चित्रपटगृहांभोवती वाढलेली रसिकतेची परंपरा मात्र नकाशावर आखता येत नाही. चित्रपट येथे मुख्यतः मॉलच्या आश्रयाला गेला. चौघांच्या कुटुंबाची तिकिटे आणि खाणेपिणे यांचा हिशेब मांडल्यावर नोकरदार गृहस्थ अनोळखी चित्रपटाचा जुगार सहसा खेळत नाही.

आता सारे घरबसल्या मोबाइलवर मिळते, असा युक्तिवाद केला जाईल. ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, हे खरे. परंतु वर्गणी भरणाऱ्यांपुरतीच ही सोय असते आणि हक्कांची मुदत सरली की चित्रपट तेथून नाहीसाही होतो. शिवाय एकट्याने पाहिलेल्या चित्रपटावर वाद घालायला शेजारी कोणी नसते.

उपाय अवघड नाही. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या 'प्रभात चित्र मंडळा'ने चांगले चित्रपट मिळून पाहण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची वाट दाखविलेली आहे. वाशीत विष्णुदास भावे यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, महाविद्यालयांची सभागृहे आहेत. महिन्यातून एका रविवारी माफक दरात या याद्यांतील एक चित्रपट तेथे दाखवावा आणि नंतर तासभर शिक्षक-विद्यार्थ्यांनी त्यावर भांडावे. त्यासाठी महापालिका आणि महाविद्यालये यांनी मनावर घेतले तरी पुरे.

समीक्षकांच्या याद्यांचा उपयोग निःसंशय आहे. गल्ला न जमविणारी 'कासव'सारखी कृती विस्मृतीत जाऊ नये, याची काळजी त्या घेतात. परंतु ज्याने चित्रपट पाहिलाच नाही, त्याला ती निवड मान्यही करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. ती केवळ ऐकून घ्यावी लागते. पुढल्या दशकाची यादी निघेल तेव्हा नवी मुंबईच्या वाचकाला तीत चार नावे खोडून आपली चार घालता आली पाहिजेत. त्यासाठी ते चित्रपट आधी त्याच्या गावात लागले पाहिजेत.