ऑफिसची वर्गणी: कोणत्या योजनेत काय मिळते?

पूर्वी 'ऑफिस'ची सीडी एकदा विकत घेतली की वर्ड आणि एक्सेल वर्षानुवर्षे वापरता येत असे. २०११ साली मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस ३६५' ही वर्गणीची पद्धत सुरू केली आणि २०२० मध्ये तिचे नाव 'मायक्रोसॉफ्ट ३६५' झाले. योजना अनेक आणि नावे मिळतीजुळती असल्यामुळे काही जण नको त्या सोयींचे पैसे भरतात, तर काहींना हवी असलेली सोय मिळतच नाही. म्हणून या योजनांचा हा थोडक्यात परिचय.

घरगुती योजना

'पर्सनल' ही योजना एका व्यक्तीसाठी आहे. 'फॅमिली' योजनेत वर्गणीदारासह सहा जणांना सामावून घेता येते. प्रत्येकाला वनड्राइव्हवर १ टेराबाइट स्वतंत्र जागा मिळते आणि एकाच्या फायली दुसऱ्याला आपोआप दिसत नाहीत. तेव्हा एकाच घरात दोघा-तिघांनी वेगवेगळी 'पर्सनल' वर्गणी भरण्यापूर्वी 'फॅमिली'ची किंमत अवश्य पाहावी. मात्र या दोन्ही योजना खाजगी वापरासाठी आहेत. संस्थेचा किंवा दुकानाचा कारभार त्यांवर चालवणे परवान्याच्या अटींत बसत नाही.

संस्थांसाठी योजना

संस्था व लहान उद्योगांसाठी असलेल्या 'बिझनेस' योजना ३०० जणांपर्यंत घेता येतात. सर्वाधिक गैरसमज 'बेसिक' योजनेबाबत होतो. तिच्यात ईमेल, टीम्स आणि १ टेराबाइट जागा मिळते; परंतु वर्ड व एक्सेल केवळ ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर चालतात. संगणकावर बसवायचे पूर्ण वर्ड हवे असेल, तर ते 'स्टँडर्ड' योजनेत मिळते. 'प्रीमियम'मध्ये याशिवाय सुरक्षेची व संस्थेच्या संगणकांवर देखरेख ठेवण्याची साधने असतात. पात्र ना-नफा संस्थांना सवलती आहेत. त्यासाठी नोंदणीची कागदपत्रे सादर करावी लागतात.

वर्गणी थांबली तर?

वर्गणी संपली म्हणून संगणकावरील फायली नष्ट होत नाहीत. त्या उघडता व छापता येतात; पण वर्ड-एक्सेलमध्ये त्यांत दुरुस्ती करता येत नाही. वनड्राइव्हवरील मोफत जागा मात्र केवळ ५ गिगाबाइट असते. त्याहून अधिक मजकूर दीर्घकाळ तसाच राहिला, तर तो पुसला जाण्याचा धोका असतो. संस्थेच्या खात्यातील माहितीही ठराविक मुदतीनंतर काढून टाकली जाते. म्हणून धर्मग्रामाच्या नोंदी, पतपेढीचे हिशेब किंवा शाळेचे निकाल यांची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर असलीच पाहिजे.

पत्रिका व अंक 'पब्लिशर'मध्ये तयार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मायक्रोसॉफ्टने या प्रोग्रामसाठी ऑक्टोबर २०२६ ही अखेरची मुदत जाहीर केली आहे. त्यानंतर वर्गणीदारांना या फायली पब्लिशरमध्ये उघडता येणार नाहीत. जुने अंक पीडीएफ स्वरूपात जतन करावेत.

वर्गणीविना पर्याय

'ऑफिस २०२४' एकरकमी विकत घेता येते. ते एकाच संगणकासाठी असते आणि पुढील आवृत्ती त्यात आपोआप मिळत नाही. ज्यांच्याकडे 'ऑफिस २०१६' किंवा '२०१९' आहे, त्यांनी जाणून घ्यावे की १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे. पत्रे आणि साधे तक्ते करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ब्राउझरमधील मोफत वर्ड-एक्सेल किंवा पूर्णतः मोफत असलेले 'लिबरऑफिस' पुरेसे ठरते. लिबरऑफिस इंटरनेटविना चालते आणि मराठी मजकूरही व्यवस्थित हाताळते.

पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत: वापरणारे किती? काम घरचे की संस्थेचे? संगणकावर पूर्ण वर्ड हवे की ब्राउझरमधले चालेल? आणि पुढील वर्षी वर्गणी कोण भरणार? ही उत्तरे हाती असली की कोणती योजना घ्यावी, किंवा एकही घेऊ नये, हे सहज ठरवता येईल.