डागावरचा रंग आठवडाभर कसा टिकवावा

स्प्रे टॅन हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांना हसू येते. ज्या समाजाच्या वधू-वर सूचीत आजही ‘गोरी’ हे विशेषण गुण म्हणून छापले जाते, त्या समाजातील माणसाने पैसे मोजून कातडी सावळी करून घ्यावी, ही कल्पनाच विचित्र वाटते. खोर फक्कानच्या किनाऱ्यावर येणारे युरोपीय पर्यटक उन्हात पहुडतात आणि आपली कुटुंबे मात्र ऊन उतरल्यावर बाहेर पडतात. तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु याच द्रव्याचा एक उपयोग आपल्या घरांशी फार जवळचा आहे. ज्यांच्या त्वचेवर कोड आहे, त्यांचे पांढरे डाग आजूबाजूच्या वर्णाशी मिळतेजुळते करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ हेच द्रव्य सुचवितात. जगात साधारणतः शंभरातील एका व्यक्तीला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना कोड असते. गोऱ्या कातडीवर ते सहज लपते. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर ते दुरूनही दिसते. म्हणून रंग कसा टिकवावा, हा प्रश्न आमच्यासाठी हौसेचा उरत नाही.

आमच्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही हातांवर आणि पावलांवर कोड आहे. गेली काही वर्षे ती आमच्यासोबत येथेच राहते. पुढे जे लिहिले आहे, ते तिच्या तज्ज्ञांचा सल्ला, आमचे वाचन आणि घरातील अनुभव यांतून आलेले आहे.

प्रथम रोगाविषयी. कोड संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतील रंगपेशींवरच उलटते, त्या नष्ट होतात आणि तेथे मेलॅनिन तयार होणे थांबते. मासे खाऊन वर दूध प्यायल्याने किंवा मागील जन्मीच्या कोणत्याही कर्माने ते होत नाही. त्याचा कुष्ठरोगाशीही संबंध नाही.

आता उन्हाविषयी. खोर फक्कान हे शारजा अमिरातीचे ओमानच्या आखातावरील गाव. मागे हजर पर्वत, पुढे समुद्र. २०१९ साली डोंगरातील बोगद्यांचा नवा महामार्ग खुला झाल्यापासून शारजाहून येथे येणे फार सोपे झाले. येथील उन्हाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक दुपारी ११ च्या वर जाऊ शकतो. अशा उन्हात निरोगी त्वचा काळवंडते, पण डाग काळवंडत नाही. तो भाजून लाल होतो. परिणामी दोहोंतील फरक अधिकच उठून दिसतो. रंग टिकवायचा असेल तर आधी भोवतालची त्वचा एकसारखी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर किंवा पोहून आल्यावर पुन्हा लावणे आवश्यक आहे.

या द्रव्याचे नाव डायहायड्रॉक्सिॲसिटोन, संक्षेपाने डीएचए. ती तीन कार्बन अणूंची साधी शर्करा आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १९५० च्या दशकात एव्हा विटगेनस्टाईन या संशोधिका एका चयापचय विकाराच्या मुलांना हे औषध तोंडाने देत होत्या. मुलांच्या अंगावर ते सांडले की तेथील त्वचा तपकिरी होते, कपडे मात्र तसेच राहतात, असे त्यांच्या लक्षात आले. कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी ही शर्करा संयोग पावते आणि तपकिरी रंग निर्माण होतो. तव्यावर भाकरीला जे तांबूस डाग पडतात, त्यांमागे याच जातीची रासायनिक क्रिया असते.

रंग का जातो, याचे उत्तरही येथेच आहे. तो मृत थरात असतो आणि तो थर रोज थोडाथोडा गळत असतो. म्हणून रंग पाच ते सात दिवस टिकतो. हात वारंवार धुतले जात असल्याने तेथे त्याहूनही कमी. महिनाभर टिकणारा रंग देतो, असे कोणी सांगत असेल तर ते विश्वासार्ह नाही. रंग टिकविणे म्हणजे मृत थराची गळती मंद ठेवणे, इतकेच आपल्या हाती असते.

सर्वसाधारण सल्ला असा असतो, की रंग लावण्यापूर्वी अंग खरखरीत वस्तूने घासून काढावे. कोड असलेल्यांनी हा सल्ला जसाच्या तसा पाळू नये. ज्या जागी त्वचा खरचटते, घासली जाते किंवा दुखावते, तेथे नवा डाग उमटण्याची शक्यता असते. याला वैद्यकात कोब्नर परिणाम म्हणतात. वजरी, काथ्या किंवा जाडे उटणे वापरू नये. कोमट पाण्याने आंघोळ करून मऊ पंचाने अंग टिपावे, एवढे पुरे. साबणाचा अंश त्वचेवर राहू देऊ नये, कारण त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे रंग बिघडू शकतो. त्या वेळी तेल किंवा क्रीमही लावू नये, कारण तेलकट थरामुळे रंग नीट बसत नाही. अपवाद कोपर, गुडघे, घोटे आणि बोटांचे सांधे यांचा. तेथील कोरडी त्वचा जास्त रंग शोषते, म्हणून तेथे अगदी पातळ हाताने मलम फिरवावे.

डागांसाठी फवाऱ्यापेक्षा लोशन बरे. कापसाची काडी किंवा बारीक ब्रश घेऊन डागाच्या आतील भागात रंग लावावा आणि कडेच्या किंचित अलीकडे थांबावे. कड ओलांडली तर निरोगी त्वचाही गडद होते आणि डागाभोवती कडे दिसू लागते. हातमोजे घालावेत, तळहात फार लवकर रंगतात. दोन-चार तासांत रंग दिसू लागतो आणि पूर्ण उमटायला सुमारे एक दिवस लागतो, म्हणून लगेच दुसरा थर देण्याची घाई करू नये. आपल्या वर्णासाठी एका गडद थरापेक्षा लागोपाठच्या दिवशी दिलेले दोन-तीन फिके थर अधिक जुळतात. फार गडद वर्णाशी मात्र हा रंग पूर्णतः जुळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या वेळी एका छोट्या डागावर चाचणी घेऊन दोन दिवस थांबावे.

वेळ रात्रीची निवडावी. खोर फक्कानची हवा दमट आहे. पहिल्या सहा-आठ तासांत घाम आला तर रंगाचे ओघळ दिसतात. रात्री थंड खोलीत, सैल व जुने कपडे घालून झोपावे. लावल्यानंतरचा पहिला दिवस उन्हापासून विशेष जपावे. हा रंग म्हणजे ऊन अडविणारी ढाल नव्हे. तपकिरी दिसणारा डागही आतून पांढराच असतो आणि तितकाच भाजतो.

त्यानंतरच्या दिवसांत आंघोळ थोडक्यात आणि कोमट पाण्याने करावी, अंग चोळून पुसू नये, आणि सकाळ-संध्याकाळ साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. वातानुकूलित खोलीत त्वचा कोरडी पडते आणि कोरडी त्वचा ठिपक्याठिपक्यांनी गळते. रंग विटका व चट्ट्याचट्ट्यांचा दिसण्याचे हेच मोठे कारण असते. तरण तलावातील क्लोरीन रंग लवकर घालविते. मुरुमांवरची सॅलिसिलिक आम्लाची किंवा रेटिनॉइडची औषधेही तेच करतात. दर तिसऱ्या दिवशी फिका थर दिला तर रंग एकदम उतरत नाही. आमच्या बहिणीने प्रत्येक वेळची तारीख, थरांची संख्या आणि कितव्या दिवशी रंग फिका पडला हे वहीत लिहून ठेवले, तेव्हा कुठे तिला तिचा स्वतःचा क्रम सापडला.

काही सावधगिरी. ओठ आणि डोळ्यांच्या पापण्या यांवर हे द्रव्य लावू नये. सलूनमध्ये फवारा घेतलाच तर तो श्वासातून आत जाता कामा नये. अतिनील प्रकाशाचे उपचार किंवा मलमे चालू असतील तर रंग कधी लावावा, हे तज्ज्ञांनाच विचारावे. उपचार सोडून रंगावर भागवू नये. २०२२ साली अमेरिकेत कोडासाठी रुक्सोलिटिनिब या मलमाला मान्यता मिळाली, म्हणजे उपचारांचे क्षेत्र पुढे सरकत आहे. स्त्रियांनी टिकलीकडेही लक्ष द्यावे. काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो, हे भारतातील तज्ज्ञांनी वारंवार नोंदविले आहे.

इतके सारे करूनही एक प्रश्न उरतो: रंग कोणासाठी? आमच्या बहिणीचे एक स्थळ सर्व काही ठरल्यावर केवळ हातांमुळे मोडले. त्यानंतर नातेवाइकांचा सल्ला एकच होता, की पुढच्या वेळी हात झाकून बसावे आणि लग्न होईपर्यंत बोलू नये. तिने तो मानला नाही. रंग लावलेला असो वा नसो, पहिल्याच भेटीत ती स्वतः सांगते. बाजारात अनोळखी नजरा नकोत म्हणून ती कधी रंग लावते. कंटाळा आला की लावत नाही. आम्ही तिला दोन्हींपैकी कशाचाही आग्रह करीत नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना एकत्र आणते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा मराठी चित्रपट याच विषयावर आहे. तो मुलांसह पाहण्याजोगा आहे. कायद्यानेही पाऊल उचलले आहे. हिंदू विवाह कायदा भारतातील बौद्धांनाही लागू होतो आणि त्यातून २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळण्यात आले. कोड तर कुष्ठही नव्हे. तरी घरोघरच्या बैठकींत त्याचे नाव अजून दबक्या आवाजात घेतले जाते.

माणसाला अंगावरून ओळखून दूर बसविण्याचा अर्थ आपल्या आजी-आजोबांना कोणी समजावून सांगावा लागला नव्हता. २५ जून हा जागतिक कोड दिन आहे. त्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या मुलांना एक साधी गोष्ट सांगू या: वर्गात एखाद्याच्या हातावर पांढरा डाग दिसला तर त्याच्या शेजारी बसावे, त्याच्याबरोबर डबा खावा आणि डागाविषयी त्याला बोलायचे असेल तेव्हाच बोलावे.