आखातातला पैसा (लेखांक ६) : ठेव हलवू का?

गेल्या आठवड्यात एनआरई आणि एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या दोन खात्यांतला फरक पाहिला. त्यावर आलेले बहुतेक प्रश्न एकाच चालीचे. दोह्यात नजमा भागात राहणाऱ्या एका वाचकाने कुठल्याशा बँकेच्या व्याजदरांच्या तक्त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, माझे १० लाख ७ टक्क्यांनी आहेत. ही बँक साडेसात देते. हलवू का?"

'हलवू का' या दोन शब्दांतच सगळा घोळ आहे. मुदत ठेव हलत नाही. ती एक तर पिकते, नाही तर मोडते.

हलवण्याची कल्पना बहुधा लंडनच्या भावाबहिणीकडून येते. ब्रिटनमध्ये १९९९पासून 'आयसा' नावाचं करमुक्त बचत खातं आहे. तिथे दुसरीकडे जास्त व्याज दिसलं की नव्या बँकेचा फॉर्म भरायचा. मग ती बँकच जुनीकडून पैसे मागवून घेते आणि करसवलत जशीच्या तशी राहते. स्वतः पैसे काढून नेले तर मात्र ती रक्कम साधारणपणे सवलतीबाहेर पडते. म्हणजे तिथे सवलत खात्याला चिकटलेली असते.

आपल्याकडेही असं हलणारं एक खातं आहे, पीपीएफ. पोस्टातून बँकेत, या बँकेतून त्या बँकेत ते खुशाल नेता येतं. पण त्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखा, आणि एप्रिल २०२०पासून ७.१ टक्क्यांवर बसलेला. थोडक्यात, जे खातं हलतं त्याला हलवून फायदा नाही आणि जिथे फायदा आहे ते हलत नाही. शिवाय अनिवासी झाल्यावर नवं पीपीएफ उघडता येत नाही, त्यामुळे कतारकरांसाठी तो विषय तिथेच मिटतो.

एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त आहे. १९६१च्या आयकर कायद्यात ही सवलत कलम १०मध्ये होती. पगारावर कतार सरकारही आयकर घेत नाही, त्यामुळे दोन्हीकडून सुटका. पण ही सवलत कुठल्या एका बँकेची किंवा ठेवीची नाही. ती तुमच्या अनिवासी असण्याची आहे. म्हणून या बँकेतल्या एनआरई खात्यातून त्या बँकेतल्या एनआरई खात्यात पैसे गेले तर सवलतीला धक्का लागत नाही. कुणाची परवानगी नको, फॉर्म नको. अट एकच, वाट एनआरई ते एनआरई अशीच हवी. "सध्या बाबांच्या खात्यात टाकतो, मग बघू" म्हणून पैसा मध्येच गावच्या साध्या बचत खात्यात उतरला, की तो रुपयांतला देशी पैसा झाला. स्वतःच्या एनआरओमध्ये उतरला तरी तेच. तिथल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर उपकर. परत एनआरईत आणायचा तर वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा, आयकर खात्याचा फॉर्म आणि बहुतेकदा सीएचं प्रमाणपत्र. एवढा द्राविडी प्राणायाम एका चुकीच्या खाते क्रमांकापायी.

तसं पाहिलं तर हा प्रश्नच फार जुना नाही. १६ डिसेंबर २०११पर्यंत एनआरई ठेवींच्या दरांवर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा होती. त्यामुळे सगळ्या बँका थोड्याफार फरकाने सारख्याच. ती मर्यादा उठली आणि चारच्या आतबाहेर असलेले दर काही बँकांत पाहता पाहता नऊच्या घरात गेले. तेव्हापासून दरांचे तक्ते फिरू लागले. एक बंधन मात्र राहिलं. देशातल्या ठेवीदारांना त्याच मुदतीला जो दर मिळतो, त्याहून जास्त एनआरईला देता येत नाही. आणि ज्येष्ठ नागरिकांचा वाढीव दर अनिवासींना नाही, साठी दोह्यात उलटली तरी.

आता नजमाकरांचा हिशेब. ठेव ३ वर्षांची, पैकी दीड वर्ष झालेलं. आज मोडली तर बँक ७ टक्के देणार नाही. ठेव ठेवली त्या दिवशी दीड वर्षाच्या मुदतीला जो दर होता तो धरणार. समजा तो साडेसहा. त्यातून दंडाचा १ टक्का वजा, उरले साडेपाच. सोप्यासाठी सरळ व्याज धरू. दीड टक्का कमी, दीड वर्षासाठी, १० लाखांवर : २२,५०० रुपये गेले. उरलेल्या दीड वर्षात नवी बँक अर्धा टक्का जास्त देणार, म्हणजे ७,५०० रुपये आले. अर्धा टक्का मिळवायला निघालेला माणूस १५,००० रुपये ठेवून परत येतो. दंड काही बँका अर्धा टक्काच घेतात, काही माफही करतात. पण आकडे घालून पाहिल्याशिवाय मोडू नये. त्यात २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५वरून ५.२५पर्यंत खाली आणला आणि ठेवींचे दरही उतरले. जुन्या चढ्या दराची ठेव हातात असेल तर तिला हात न लावणं हाच बहुतेक वेळा शहाणपणा.

आणि ठेवीला वर्ष झालं नसेल तर? एनआरई ठेवीची किमान मुदत १ वर्ष आहे आणि त्याआधी मोडली तर व्याज शून्य. कमी नाही, शून्य.

या शून्याचा सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ऑटो रिन्यूअल. फॉर्म भरताना त्या चौकोनात खूण केलेली असते आणि विसरलेली असते. ठेव पिकते आणि त्या दिवशीच्या दराने, त्याच मुदतीसाठी पुन्हा सुरू होते. ४ महिन्यांनी सुट्टीत चिपळूणला आल्यावर ते लक्षात येतं, माणूस चिडून ठेव मोडतो आणि त्या ४ महिन्यांचं व्याज बुडतं. मी स्वतः एकदा हे केलं आहे, बँक कुठली ते सोडा. खूण माझीच होती. उलट खूण केलीच नाही आणि ठेव पिकून तशीच पडून राहिली, तर २०२१च्या नियमाप्रमाणे बचत खात्याचा दर आणि ठेवीचा ठरलेला दर, यांतला जो कमी तोच मिळतो.

म्हणजे तारीख सांभाळायची. दोह्यातून ते वाटतं तितकं सोपं नाही. घड्याळात आपण भारतापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे शाखा ४ वाजता बंद झाली की इथे दुपारचे दीड वाजलेले, माणूस रास लफानच्या साइटवर. शुक्रवारी इथे सुट्टी आणि तिथे बँक चालू, तेवढा एक वार कामाचा. रविवारी उलट. भारतातलं सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं असेल तर ओटीपी येत नाही आणि सगळंच थांबतं. नव्या बँकेत खातं उघडायला पासपोर्ट, कतारचा आयडी, पॅन, पत्त्याचा पुरावा, आणि त्यांच्या प्रतींवर कुणाकुणाचे शिक्के. मुखत्यारपत्र दिलेला भाऊ तुमच्या वतीने एनआरई खातं उघडू शकत नाही. हे सगळं ठेव पिकायच्या आधी महिना-दोन महिने उरकलेलं बरं. पैसा पाठवणं हाच यातला सोपा भाग. डिसेंबर २०२०पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं.

दराच्या तक्त्यात सगळ्यात वर बहुधा लहान बँका असतात. त्या वाईट असं नाही. पण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंतच, तोही फेब्रुवारी २०२०पासून. आधी तो १ लाख होता. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईत किती घरांचे श्वास अडकले होते ते ज्यांनी पाहिलं, त्यांना पाव टक्क्याचा मोह जरा कमी होतो.

आणखी एक. अनिवासीपण संपलं की सवलतही संपते. कायमचे परतलात तर जुनी एनआरई ठेव ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, पण व्याज करपात्र. बँकेला कळवायचंही असतं. लोक वर्षानुवर्षं कळवत नाहीत, ते चूक आहे.

नजमाकरांना एवढंच कळवलं : ठेव राहू द्या. आज ऑटो रिन्यूअलची खूण काढा आणि नव्या बँकेचा फॉर्म पुढच्या वर्षीच्या गणपतीच्या सुट्टीत भरा. त्यांचं उत्तर आलं, "आणि डॉलरमध्ये ठेवले तर?" रियाल २००१पासून डॉलरला ३.६४ने बांधलेला, तेव्हा कतारकराने हे विचारणं साहजिकच. एफसीएनआर ठेवींचं ते प्रकरण पुढच्या आठवड्यात.