जुन्या फोटोंसाठी फोटोशॉपची कोणती आवृत्ती?

रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार भागातल्या मराठी घरांतून अजूनही जुने फोटो आणि मोडी कागद निघतात. ते स्कॅन झाले की पुढचा प्रश्न ठरलेला: पूर्ण फोटोशॉप घ्यायचं, की एलिमेंट्सवर भागेल? मी मूळचा इंजिनिअर. त्यामुळे फीचर्सची यादी बाजूला ठेवून आधी काम काय आहे ते बघतो.

अडोबीने फोटोशॉप १९९० मध्ये आणलं आणि २००१ मध्ये घरगुती वापरासाठी एलिमेंट्स ही हलकी आवृत्ती काढली. २०१३ पासून पूर्ण फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतात. एलिमेंट्सचे पैसे एकदाच भरायचे, पण २०२५ च्या आवृत्तीपासून तो परवानाही तीन वर्षांचाच. तिसरा पर्याय गिम्प. तो फुकट आहे.

आता पहिलं काम: फिकट फोटो. ८-बिट स्कॅनमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. उडालेल्या फोटोत त्यातल्या समजा ६०च वापरात असतात. त्या ताणून २५६ वर नेल्या की मधे फटी पडतात आणि चेहऱ्यावर पट्टे दिसतात. १६-बिटमध्ये त्याच भागात सुमारे १५,३६० पायऱ्या मिळतात. म्हणून स्कॅनरवर ४८-बिट कलर निवडा आणि फाइल टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये ८-बिटच मावतं. ४ बाय ६ इंची फोटो ६०० डीपीआयला साधारण ५२ एमबी होतो, म्हणजे फार नाही.

एलिमेंट्स १६-बिट फाइल उघडतं, लेव्हल्सही चालतं. लेयर आणि बरीचशी साधनं मात्र ८-बिटवरच. तेव्हा क्रम पाळायचा: आधी लेव्हल्स, मग ८-बिट, शेवटी ओरखडे. एवढ्यावर फोटोंचं काम नीट होतं.

दुसरं काम मोडी कागदाचं, आणि खरा फरक इथे पडतो. पिवळट-तपकिरी डागावर काळी शाई असेल तर नुसता लाल चॅनल बघावा. त्यात डाग उजळतो, शाई काळीच राहते, अक्षर सुटं होतं. एलिमेंट्समध्ये चॅनल्सचं पॅनलच नाही. फोटोशॉपमध्ये आहे, गिम्पमध्येही आहे. शिवाय गिम्प २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून १६-बिटवर, लेयरसकट, काम करतं.

मग पूर्ण फोटोशॉप कोणाला? ज्यांना स्मरणिका किंवा पुस्तक सीएमवायकेमध्ये स्वतः तयार करून छापखान्यात द्यायचं आहे, त्यांना. एलिमेंट्समध्ये तो मोड नाही.

एका गोष्टीसाठी मात्र महागडी आवृत्ती घेऊ नका. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं. अशा सोयी आता एलिमेंट्समध्येही शिरल्या आहेत. फाटलेला कोपरा तो छान भरतो, पण मनाने. पगडीचा घाट, अंगरख्याचे बंद, मागची कमान यांवरून आपण माणूस, जागा आणि काळ ओळखतो. तिथे यंत्राने रचलेली पगडी बसली की फोटो सुंदर होतो आणि पुरावा जातो. फाटलं असेल तर फाटलेलं दिसू द्या.

थोडक्यात, नुसते फोटो असतील तर एलिमेंट्स पुरे. मोडी कागद असतील तर गिम्प शिका. आठवडाभर हात अडखळेल, मग बसेल. छपाई नियमित असेल तरच वर्गणी भरा. आणि काहीही घेतलंत तरी मूळ टिफ हात न लावता वेगळं ठेवा. परवाना संपला तरी ते कुठेही उघडेल.