स्काफांद्र: बुचाच्या अंगरख्याचं नाव, पाणबुड्याचा पोशाख

‘स्कूबा डायव्हिंगचा शोध फ्रेंच समुद्रसंशोधक कुस्तोनं लावला ना?’ तारकर्लीला जाऊन आलेल्या वाचकांचा हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शोधायला ‘स्काफांद्र’ या फ्रेंच शब्दाचं बोट धरावं लागतं.

स्काफांद्र म्हणजे पाणबुड्याचा पोशाख. गंमत अशी, की हा शब्द घडवणाऱ्या ला शापेल या पाद्री-गणितज्ञाला पाण्याखाली जायचंच नव्हतं! दिदरोच्या विश्वकोशात गणितावर लिहिणाऱ्या या गृहस्थानं बुचाचा अंगरखा केला. तो घालून सैनिकांनी न बुडता नदी ओलांडावी, एवढाच हेतू. १७७५ साली त्यावर पुस्तक काढलं आणि होडीसाठीचा ग्रीक शब्द ‘स्काफे’ माणसासाठीच्या ‘अँद्रोस’ला जोडून नाव दिलं. माणूस हीच होडी! पुढे एकोणिसाव्या शतकात पाणबुड्यांसाठी तांब्याची शिरस्त्राणं आली आणि तरंगण्यासाठी जन्मलेला शब्द तळाशी गेला. रशियन भाषेनं तर तो अंतराळातही नेला. १९६५ साली सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्ह यानाबाहेर पडले, तेव्हा त्यांच्या अंगात होता तो ‘स्काफांद्र’च.

फ्रेंचमध्ये स्कूबाच्या साधनाला ‘स्वयंपूर्ण स्काफांद्र’ अशा अर्थाचं नाव आहे. १९४३ साली कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ते घडवलं. पाणबुड्याच्या पाठीवरच्या उच्च दाबाच्या नळकांड्यांना श्वासाबरोबर आपोआप उघडणारी झडप जोडली, हे त्यांचं मोठं काम. पण या साधनाचं काळीज असलेली ती झडप?

तशी झडप बनुआ रुकेरोल या खाण अभियंत्यानं त्याआधीच घडवली होती. विषारी वायूनं भरलेल्या खाणीत माणसाला श्वास घेता यावा म्हणून त्यानं १८६० साली पेटंट घेतलं. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी, तिच्यावर छोटी कोठी आणि कोठीवर लवचीक पडदा. श्वास ओढला की पडदा आत दबतो, झडप उघडते आणि बाहेरच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळते. ओढणं थांबलं की झडप बंद. पाण्याखालीही हेच हवं असतं: समुद्रात १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीला हवाही तेवढ्याच दाबाची लागते. नौदल अधिकारी ऑग्युस्त देनेरूझच्या साथीनं १८६४ साली हे यंत्र पाण्यात उतरलं. ज्यूल व्हर्ननं कॅप्टन नेमोच्या कादंबरीत दोघांचा नावानिशी उल्लेख केला आहे.

तरीही रुकेरोलचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही. कुस्तोचं श्रेय कमी न करता सांगायला हवं: स्कूबाच्या जनकांच्या यादीत रुकेरोलचं नाव हवंच.