एकाच डीएनएच्या तीन रेघा

हिंगोलीच्या काळ्या रानातल्या बीटी कपाशीतला जनुक मूळचा मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा. जिवाणूत असे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या बंद कड्यावर असतात. कपाशीत आणतानाही जनुक अशाच कड्यावर बसवावा लागला. हे कडे तपासण्याची रोजची रीत म्हणजे अगॅरोजचे जेल. ऋणभारित डीएनए विजेच्या धन टोकाकडे सरकतो आणि जेलच्या जाळीतून लहान रेणू लवकर पुढे जातात. म्हणून जेल फक्त लांबी मोजते, असा समज रुजला आहे. एकाच प्लाझ्मिडच्या दोन-तीन रेघा उमटल्या की नवख्याला भेसळीची शंका येते ती त्यामुळेच. प्रत्यक्षात या रेघांत आकार लिहिलेला असतो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. बंद कड्याचेही तसेच: धागा तुटल्याशिवाय पीळ उलगडत नाही. पिळाने तिढे पडलेले कडे आटोपशीर होते आणि जाळीतून सहसा सर्वांत वेगाने जाते. एका धाग्याला खाच पडली की पीळ सुटतो आणि पसरलेले कडे मागे रेंगाळते. दोन्ही धागे तुटले की सरळ रेणू उरतो. हे तीन निरनिराळे डीएनएच कशावरून नसतील? प्लाझ्मिडला एकाच जागी कापणारे विकर घातले की सगळ्या रेघा एकीत मिळतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अगॅरोजचे प्रमाण, व्होल्टेज किंवा इथिडियम ब्रोमाइड या रंजकाचे प्रमाण बदलले की रेघांचा क्रमही बदलतो. खरे आहे; म्हणून नुसत्या जागेवरून आकार ठरवू नये. पण इथिडियम दुहेरी धाग्यात शिरून त्याची वळणे सैल करते आणि त्याने तिढे फक्त बंद कड्याचेच बदलतात. म्हणजे क्रमातला हा बदलच आकाराची साक्ष देतो.

ही साक्ष किती भक्कम आहे, हे एका वादाने दाखवले. 1975 मध्ये वॉल्टर केलर यांनी जेलवर पिळांची शिडी दाखवली; तिची प्रत्येक पायरी म्हणजे एका पूर्ण वेढ्याचा फरक. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडचे रॉडली आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शशिशेखरन यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की डीएनएचे धागे एकमेकांभोवती न गुंडाळता शेजारीशेजारीही असू शकतील. ही शंका अवाजवी नव्हती, कारण तंतूंच्या क्ष-किरण चित्रांतून निःसंदिग्ध उत्तर मिळत नव्हते. 1979 मध्ये जेम्स वँग यांनी लांबीत किंचित फरक असलेल्या कड्यांच्या शिड्या ताडून पाहिल्या. लांबीतला फरक पूर्ण वेढ्यांइतका नसेल, तर शिड्या एकमेकींपासून सरकतात. त्या सरकण्यावरून द्रावणातल्या डीएनएचा एक वेढा सुमारे 10.4 बेस-जोड्यांचा निघाला. तंतूंवरून मानलेला आकडा 10 होता. धागे नुसते शेजारी असते, तर असा ठाम वेढा मोजताच आला नसता. तेव्हा जेलवर तीन रेघा दिसल्या, तर नमुना ओतून देण्याआधी तो एकदा कापून पुन्हा जेलवर चालवावा.