पिंगला उत्तर कोण देतंय?



गोष्ट २००६ च्या जानेवारीतली. ट्रॉयमध्ये (मिशिगनमधलं, लाकडी घोड्याचं नव्हे!) मेपल रोडजवळ मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळत होतो. गोदामाच्या कामासाठी नवा लिनक्स सर्व्हर आला. रॅकमध्ये मी बसवला, पुढचं सगळं कॉन्फिगरेशन पुण्याच्या एका मुलाने तिकडून केलं. नोकरीला लागून त्याला जेमतेम सहा महिने झाले होते.

त्याच्या दिवसा, म्हणजे आमच्या रात्री, सर्व्हर झकास चालायचा. आमच्याकडे सकाळ झाली की बोंब! काही पीसींवर प्रोग्रॅम उघडायचा, काहींवर नुसता लटकायचा. पिंग मात्र सगळीकडून व्यवस्थित. मी केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, सबनेट मास्क, गेटवे, फायरवॉल सगळं तपासलं. काही सापडेना. पिंग चालतंय म्हणजे नेटवर्क ठीक, म्हणजे घोळ पुण्याचा, असं ठरवून मी मोकळा! मॅनेजरला तशी मेलही लिहून ठेवली. ती गेली असती तर पोराचं प्रोजेक्ट गेलंच असतं.

सेंड दाबण्याआधी त्याला फोन केला. आमचे सकाळचे ८, त्याचे संध्याकाळचे साडेसहा. तो बिचकतच म्हणाला, "सर, जो पीसी लटकतोय ना, तिथून पिंग चालू ठेवून सर्व्हरची केबल काढून बघता का?"

मनात म्हटलं, हा काय पोरकटपणा! पण काढली. आणि पिंगला उत्तर येतच राहिलं!

म्हणजे त्याच आयपी पत्त्यावर दुसरंच कोणीतरी बसलं होतं. लॅनवर "हा आयपी कोणाचा?" असं एआरपीने सगळ्यांना विचारलं जातं आणि जो "माझा" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवला जातो. १९८२ च्या आरएफसी ८२६ पासून हीच रीत. रेशनकार्ड कोणी मागत नाही! दोघं "माझा" म्हणाले की कोणत्या पीसीला कोण भेटेल ते नशीब.

एआरपीच्या यादीतून मॅक पत्ता घेतला, स्विचच्या तक्त्यात त्याचं पोर्ट शोधलं आणि केबलच्या मागे मागे गोदामात पोचलो. तिथे लेबलं छापणारा जुना प्रिंटर! सकाळच्या पाळीत चालू, रात्री बंद. कोणीतरी त्याला हाताने आयपी देऊन यादीत लिहायचं विसरलं होतं. कोणीतरी म्हणजे मीच, दोन वर्षांपूर्वी.

ती मेल खोडली. दुसरी लिहिली: चूक माझी, शोधली पुण्याने.

तेव्हापासून नवा आयपी देण्याआधी मी 'आर्पिंग' चालवतो, तेही कामाच्या वेळेत, कारण बंद असलेलं यंत्र उत्तर देत नाही. पत्ता वापरण्याआधी यंत्राने स्वतःच चौकशी करावी, हे २००८ च्या आरएफसी ५२२७ मध्ये नीट मांडलंय, पण गोदामातल्या जुन्या प्रिंटरला ते कोण सांगणार? तेव्हा तक्रार ज्या वेळची, तपासणीही त्याच वेळी करा. आणि दोष देणारी मेल लिहिलीत तरी एक फोन होईपर्यंत ड्राफ्टमध्येच राहू द्या.

तुमच्याकडे असा चोरटा भाडेकरू सापडला असेल तर जरूर लिहा.